घट्ट बजेटमधला गेमिंग पीसी: ही यादी कुठे चुकतेय?

नवा_डबा:

मंडळी, नमस्कार.

१०८०पी वर गेम खेळायला पीसी जुळवतोय. मॉनिटर (२४ इंची, १४४ हर्ट्झ), कीबोर्ड, माउस आधीच आहेत, त्यामुळे सगळे पैसे डब्यातच जाणार. बजेट घट्ट आहे आणि ते वर सरकणार नाही. निम्मा वेळ ऑनलाइन शूटर, निम्मा वेळ मोठे कथाप्रधान गेम. अधूनमधून खेळ रेकॉर्डही करायचा आहे.

प्रोसेसर: रायझन ७ ५७००जी
बोर्ड: ए५२०, दोन रॅम स्लॉट
रॅम: १६ जीबी डीडीआर४ ३२००, एकच स्टिक (दुसरी पुढे टाकू म्हणून)
ग्राफिक्स कार्ड: आरएक्स ६५०० एक्सटी, ४ जीबी
कूलर: २४० मिमी लिक्विड
स्टोरेज: २५६ जीबी एसएसडी आणि १ टीबी हार्ड डिस्क
कॅबिनेट: पुढून काच, सहा आरजीबी पंखे
एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा): कॅबिनेटसोबतच येतो तो, वर ‘६५० वॅट’ छापलंय

आठ कोअर घेतले की काही वर्षं प्रोसेसरकडे बघायला नको, असा हिशोब आहे. कुठे चुकतंय ते मोकळेपणाने सांगा.

---

फ्रेमटाइम:

मोकळेपणाने म्हणालात म्हणून सांगतो: यातला एकेक पार्ट वाईट नाही, पण एकमेकांशेजारी बसवले की ते एकमेकांचे पाय ओढतात. सगळ्यात वाईट जोडी प्रोसेसर आणि कार्डाची आहे.

आरएक्स ६५०० एक्सटीचा कनेक्टर दिसायला पूर्ण लांबीचा असला तरी त्यात पीसीआयईच्या (बोर्ड आणि कार्ड यांच्यातला डेटाचा रस्ता) फक्त चार लेन जोडलेल्या असतात. पीसीआयई ४.० वर चार लेन म्हणजे सेकंदाला साधारण ८ जीबी, ३.० वर त्याचे निम्मे, म्हणजे ४. आता तुमचा ५७००जी कार्डाला फक्त ३.० देतो, आणि ए५२० बोर्डही ३.० चाच. एरवी हे चाललं असतं. पण कार्डाची मेमरी ४ जीबी. मोठ्या गेममध्ये टेक्स्चर (वस्तूंच्या पृष्ठभागांची चित्रं) त्यात मावत नाहीत, उरलेली रॅममध्ये जातात आणि दर वेळी त्या चार लेनमधून ये-जा करतात. सरासरी फ्रेम ठीक दिसतील, पण कॅमेरा झपकन वळवला की गेम अडखळेल आणि भिंतीवरची विटांची नक्षी दोन सेकंद चिखलासारखी दिसून मग स्पष्ट होईल. सेटिंग कमी केल्या तरी हा त्रास पूर्ण जात नाही.

शिवाय या कार्डात हार्डवेअर एन्कोडरच (व्हिडिओ दाबून साठवणारा भाग) नाही. रेकॉर्डिंगचा सगळा भार प्रोसेसरवर पडणार.

५७००जी मधल्या ‘जी’ चा अर्थ चिपमध्येच ग्राफिक्स आहे. वेगळं कार्ड लावलं की तो भाग नुसता बसून राहतो, आणि त्याला जागा द्यायला एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली वेगवान मेमरी) १६ एमबीवर आणलेली असते. साध्या रायझन ५ ५६०० मध्ये ती ३२ एमबी आहे. गेमना कॅश फार लागते, म्हणून सहा कोअरचा ५६०० बहुतेक गेममध्ये आठ कोअरच्या ५७००जी च्या पुढे राहतो. नावांनी फसू नका: ५५००, ५६००जी, ५६००जीटी हे ५६०० चे भाऊ वाटतात, पण तिघांचीही कॅश १६ एमबी आणि पीसीआयई ३.० आहे. ५६००एक्स मात्र खरोखर तोच, थोडा जास्त क्लॉकचा; जादा पैसे देण्याइतका फरक नाही.

तेव्हा प्रोसेसर ५६०० आणि कार्ड आरएक्स ६६००, ८ जीबी. हे कार्ड आठ लेनचं आहे, १३२ वॅट खातं, आठ पिनची एकच केबल लागते आणि त्यात एन्कोडर आहे. १०८०पी ला टेक्स्चर ‘हाय’, सावल्या ‘मीडियम’ ठेवून व्यवस्थित चालतं. ‘अल्ट्रा’ टेक्स्चर लावलेत तर काही नव्या गेममध्ये ८ जीबीही भरते, तेवढा मोह टाळायचा.

पैसे कुठून? लिक्विड कूलर काढा. ५६०० हा ६५ वॅटचा प्रोसेसर, रेथ स्टेल्थ कूलर बॉक्समध्येच येतो. (ट्रे पॅक, म्हणजे बिनखोक्याचा, घेतलात तर येत नाही, विचारून घ्या.) आरजीबी पंखे काढा. दोन कोअर काढा. यातून जे सुटेल ते सगळं कार्डाला. साधारण अंदाज सांगायचा तर एकूण रकमेतला ४० टक्क्यांच्या आसपासचा भाग कार्डाला गेला पाहिजे. तुमच्या यादीत तो कूलर आणि कॅबिनेटला जातोय.

---

बारा_व्होल्ट:

वरचं सगळं मान्य. मी फक्त एसएमपीएसवर बोलतो, कारण या यादीत बाकीचं जाळू शकेल अशी वस्तू तीच आहे.

‘६५० वॅट’ हा आकडा वाचू नका. बाजूच्या लेबलवर तक्ता असतो, त्यातली १२ व्होल्टची ओळ वाचा. तिथे अँपिअर दिलेले असतात; त्याला १२ ने गुणा. कॅबिनेटसोबतच्या डब्यांवर तिथे २० अँपिअर असं काहीतरी दिसलं तर ते झाले २४० वॅट. उरलेले वॅट ३.३ आणि ५ व्होल्टच्या ओळींची बेरीज करून फुगवलेले असतात, आणि आजच्या पीसीत प्रोसेसर आणि कार्ड दोन्ही जवळपास सगळी वीज १२ व्होल्टवरूनच ओढतात.

तुमची गरज बघा. आरएक्स ६६०० चे १३२, प्रोसेसरचे पूर्ण भारावर ८० च्या आसपास, बोर्ड-रॅम-एसएसडी-पंखे मिळून ५०. झाले २६०-२७०. त्यात कार्ड काही मिलिसेकंदांसाठी नेमलेल्या वॅटच्या बरंच वर उडी मारतं. त्यामुळे १२ व्होल्टवर खरे ३६ अँपिअर, म्हणजे ४३२ वॅट देणारा प्रामाणिक ४५० वॅटचा एसएमपीएस पुरतो. ५५० घेतलात तर पुढचं कार्डही त्यावर बसेल. ७५० ची गरज नाही.

८० प्लसचा शिक्का हा किती वीज वाया जाते एवढंच सांगतो. शॉर्ट झाल्यावर, जास्त करंट ओढल्यावर, तापल्यावर तो स्वतःहून बंद पडतो का, हे वेगळं बघावं लागतं. मॉडेलचं नाव घेऊन कुणी तो उघडून, लोड लावून तपासलाय का ते शोधा. मागे ११५/२३० चं लाल सरकबटण दिसलं तर तो जुन्या धाटणीचा डबा, तिथूनच परत फिरायचं.

कमी ताकदीचा एसएमपीएस नेहमी धूर सोडत नाही. लक्षण असं असतं: डेस्कटॉपवर तासन्‌तास ठीक, आणि गेममध्ये स्फोटाचं दृश्य आलं की पीसी एकदम बंद होऊन परत सुरू. निळा स्क्रीनही नाही. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये कर्नल-पॉवर ४१ ची नोंद दिसते. ती नोंद फक्त ‘वीज अचानक गेली’ एवढंच म्हणते, पण लोक त्यावरून ड्रायव्हर बदलत बसतात.

दोन गोष्टी कधीच करू नका. मोलेक्सवरून (जुन्या डिस्कांची चार पिनांची केबल) आठ पिन बनवणारा अडॅप्टर लावून कार्ड चालवू नका. आणि मॉड्युलर (सुट्या केबलींच्या) एसएमपीएसची केबल दुसऱ्या मॉडेलला लावू नका. कार्ड-डिस्ककडचं टोक सगळीकडे सारखं असतं, एसएमपीएसकडच्या टोकाला मात्र पिनांचा क्रम ठरलेला नाही. ५ व्होल्टच्या जागी १२ गेले की डिस्क त्याच क्षणी मरते.

---

दोन_कांड्या:

रॅम: एक स्टिक म्हणजे एकच चॅनेल, मेमरीची बँडविड्थ निम्मी. ऑनलाइन शूटरमध्ये फ्रेम प्रोसेसरवर अवलंबून असतात आणि फटका नेमका तिथेच बसतो, तोही सरासरीपेक्षा तळाच्या, म्हणजे सर्वात संथ, एक टक्का फ्रेममध्ये जास्त. ‘दुसरी पुढे टाकू’ हा बेत बऱ्याचदा फसतो, कारण तेच मॉडेल नंतर घेतलं तरी आतल्या चिप वेगळ्या निघू शकतात आणि ३२०० ला दोघी एकत्र नांदतीलच असं नाही. ८ जीबीच्या दोन स्टिकचा किट घ्या, ३२००, सीएल१६ (रॅमच्या विलंबाचा आकडा). चार स्लॉटचा बोर्ड असेल तर प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये बसवा. मग बायोसमध्ये (बोर्डाचं आतलं सॉफ्टवेअर) एक्सएमपी, म्हणजे रॅमला छापील वेगावर चालवणारी सेटिंग, चालू करा (काही बोर्डांवर त्याचं नाव डीओसीपी असतं). हे राहून गेलं तर ३२०० ची रॅम २१३३, २४०० किंवा २६६६ वर चालत राहते आणि कळतही नाही. टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्समध्ये मेमरीवर क्लिक केलं की वेग दिसतो.

स्टोरेज: २५६ जीबीवर विंडोज आणि एक मोठा गेम, संपलं. बाकीचे हार्ड डिस्कवर गेले की नकाशाचे नवे भाग उलगडताना गेम थांबतो. आजचे गेम एसएसडी धरूनच बनवलेले असतात. दोन्हीऐवजी एकच १ टीबी एनव्हीएमई (जास्त वेगवान जातीची एसएसडी) घ्या. तेही परवडत नसेल तर ५०० जीबी घ्या आणि बोर्ड दोन एम.२ स्लॉटचा (एसएसडी थेट बोर्डावर बसते ती जागा) निवडा. डीरॅम (स्वतःची छोटी मेमरी) नसलेली एसएसडी गेमसाठी चालते. फक्त एम.२ आकाराची साटा (जुन्या, संथ जोडणीची) एसएसडी उचलू नका: दिसायला जवळपास तशीच, आणि नुसत्या एनव्हीएमईच्या स्लॉटमध्ये ती ओळखलीच जात नाही.

---

नवा_डबा:

सगळ्यांचे आभार. आठ कोअर आणि लिक्विड कूलर दोन्ही सोडले. आता चार शंका.

१. बी५५० पेक्षा बी४५० स्वस्त पडतोय. चालेल?
२. इंटेलचा आय५ १२४००एफ त्याच पट्ट्यात दिसतो. आणि एएम४ (५६०० ज्या सॉकेटवर बसतो तो) संपलेला प्लॅटफॉर्म आहे म्हणतात, त्याचं काय?
३. आरएक्स ६६०० वापरलेला घेतला तर बरेच पैसे वाचतील. काय बघायचं?
४. कुणीतरी इंटेलचं आर्क बी५८० कार्ड सुचवलं, १२ जीबीचं आहे म्हणून.

---

फ्रेमटाइम:

बी४५० वर कार्डाला ३.० मिळेल. आरएक्स ६६०० आठ लेनचा असल्याने नुकसान थोडं, जाणवण्याइतकं क्वचित. खरी अडचण बायोसची. बी४५० हे ५६०० च्या आधीचे बोर्ड, म्हणून जुन्या साठ्यातला बोर्ड या प्रोसेसरला ओळखणार नाही: पंखे फिरतील, पडदा काळा. बोर्डाच्या कंपनीच्या पानावर प्रोसेसरांची यादी असते, त्यात ५६०० समोर किमान बायोस आवृत्ती लिहिलेली असते. खोक्यावरच्या स्टिकरवर किंवा विकणाऱ्याकडून ती आवृत्ती पडताळा. नाहीतर मागे बायोस फ्लॅशबॅकचं बटण असलेला बोर्ड घ्या. पेनड्राइव्ह एफएटी३२ करायचा, फाइलला कंपनीने सांगितलेलं नाव द्यायचं, ठरलेल्या यूएसबीत लावून बटण दाबून धरायचं. प्रोसेसर नसतानाही काम होतं. फाइलचं नाव एका अक्षराने चुकलं तरी दिवा थोडा लुकलुकून थांबतो आणि काहीच होत नाही.

१२४००एफ आणि ५६०० यांत डावं-उजवं करण्यात अर्थ नाही. दोघेही सहा कोअर, बारा थ्रेड. प्रोसेसर, बोर्ड, रॅम यांची एकत्र बेरीज करा आणि जी कमी ती घ्या. इंटेलकडे एक फायदा आहे: सर्वात स्वस्त एच६१० बोर्डही कार्डाला ४.० देतो. घेताना बोर्ड डीडीआर४ चा की डीडीआर५ चा ते बघा, एकाच नावाने दोन्ही निघतात आणि खाच वेगळी असल्याने दुसरी रॅम बसत नाही. पुढे त्याच सॉकेटवर तेराव्या-चौदाव्या पिढीचा मोठा प्रोसेसर टाकायचं मनात असेल तर आधी बायोस नवा करा. जादा व्होल्टेजने ते चिप खराब होत होते, त्यावरचा मायक्रोकोड ऑगस्ट २०२४ पासून येऊ लागला.

एएम४ संपलाय हे खरं, पण तुम्हाला फरक काय पडतो? त्यावर ५७००एक्स३डी मिळाला तर ९६ एमबी कॅशची एक उडी अजून शिल्लक आहे. एएम५ ला (त्यानंतरचं सॉकेट) पुढे जागा जास्त, पण बोर्ड आणि डीडीआर५ चा खर्च कार्डातून कापला जातो. जिथे नंतर भर घालता येते तिथे आत्ता हात आखडा: एसएसडी, पंखे. जे बदलताना जुनं काढून बाजूला ठेवावं लागतं तिथे नाही: कार्ड, एसएमपीएस.

बी५८० कार्ड म्हणून चांगलं, या यादीत नाही. त्याच्या ड्रायव्हरचा प्रोसेसरवर पडणारा भार जास्त आहे, आणि ५६०० सारख्या प्रोसेसरवर काही गेममध्ये तो उघडा पडतो. रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी बायोसमधली सेटिंग) बंद असेल तर विचारूच नका. शिवाय १९० वॅट.

---

हात_लावून_बघा:

वापरलेल्या कार्डाबद्दल. चालू पीसीत लावून दाखवत नसेल तर घेऊ नका, एवढा एक नियम पाळलात तरी निम्मी फसवणूक टळते.

आधी जीपीयू-झेड (कार्डाची माहिती दाखवणारा प्रोग्रॅम) उघडा. आरएक्स ६६०० ला १७९२ शेडर, १२८ बिट बस, ८ जीबी जीडीडीआर६ दिसायला हवेत. नावावर जाऊ नका, कार्डाचा बायोस बदलून नाव काहीही दाखवता येतं. (आरएक्स ५८० मध्ये तर उघड उघड दोन जाती आहेत, २३०४ शेडरची आणि २०४८ ची, दुसरी बऱ्याचदा पहिलीच्या भावात खपवतात.) मग १५-२० मिनिटं लोड टेस्ट. ठिपके, चौकोन, रेघा, क्षणभर काळा पडदा यातलं एकही दिसलं तर सोडा. लोडवर जीपीयूचं (कार्डावरच्या मुख्य चिपचं) तापमान आणि हॉटस्पॉट (तिचा सर्वात तापलेला बिंदू) यात २५-३० अंशांहून मोठी तफावत असेल तर पेस्ट वाळलीय किंवा हीटसिंक नीट टेकलेला नाही. ते दुरुस्त होतं, पण भाव त्या हिशोबाने करा. पंखे थांबतात तेव्हा बोटाने हलकेच फिरवून बघा: खरखर लागली तर बेअरिंग गेलंय. मॉनिटरची केबल प्रत्येक पोर्टात लावून बघा.

फार जुनी कार्डं स्वस्त म्हणून घेऊ नका. आरएक्स ५८०, जीटीएक्स १०६०, अगदी आरएक्स ५७०० एक्सटीमध्येही रे ट्रेसिंगचं (प्रकाशकिरण मोजून उजेड-सावल्या काढण्याचं) हार्डवेअर नाही, आणि २०२५ चा ‘डूम: द डार्क एजेस’ सारखा गेम त्याशिवाय सुरूच होत नाही. आरएक्स ६६०० मध्ये ते आहे. वेग बेताचा, पण गेम उघडतो.

प्रोसेसर वापरलेला बिनधास्त घ्या, एएम४ असेल तर खालच्या पिना तिरक्या उजेडात धरून सरळ आहेत का बघा. एसएसडी घेतलीत तर क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये किती लिहून झालंय ते बघून. एसएमपीएस वापरलेला नको.

---

बारा_व्होल्ट:

जोडणीत जिथे हमखास अडकायला होतं तेवढंच लिहितो.

कॅबिनेटमध्ये घालण्याआधी बोर्ड त्याच्याच खोक्यावर ठेवून प्रोसेसर, कूलर, रॅम, कार्ड लावा आणि एकदा पडद्यावर बायोस आणा. काही बिघडलं असेल तर वीस स्क्रू परत काढावे लागत नाहीत.

रेथ स्टेल्थ बसवताना सॉकेटच्या दोन बाजूंच्या काळ्या प्लास्टिक पट्ट्या काढाव्या लागतात, तो थेट मागच्या धातूच्या पट्टीत स्क्रूने बसतो. गंमत अशी की ते चार स्क्रू सुटले की मागची पट्टी खाली पडते. म्हणून एका हाताने ती बोर्डाखालून दाबून धरा. कूलरखाली पेस्ट लावलेली येते, बोट लावू नका, वरून अजून पेस्ट नको. समोरासमोरचे स्क्रू आलटून पालटून दोन-तीन फेरे फिरवत घट्ट करा. एक कोपरा आधी पूर्ण आवळला तर पेस्ट एका बाजूला सरकते. पुढे कधी कूलर काढायचा झाला तर आधी दहा मिनिटं गेम चालवा, बंद करा आणि कूलर डावी-उजवीकडे पिळत सोडवा. थंड असताना सरळ वर ओढलात तर प्रोसेसर लॉक असूनही पेस्टला चिकटून सॉकेटबाहेर येतो, पिनांसकट.

वीज: बोर्डाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यातली आठ पिन प्रोसेसरची, केबल ४+४. कार्डाची केबल ६+२. दिसायला सारख्या, पण आतल्या १२ व्होल्ट आणि ग्राउंडच्या ओळी उलट्या आहेत. बळजबरी करू नका. प्रोसेसरची केबल राहिली तर पंखे फिरतात आणि बाकी काही होत नाही.

पडदा काळाच राहिला तर क्रम असा: मॉनिटरची केबल कार्डात आहे ना (५६०० ला स्वतःचं ग्राफिक्स नाही, बोर्डाच्या पोर्टातून काही येणार नाही), मग एक स्टिक काढून दुसऱ्या स्लॉटमध्ये एकटी, मग बोर्डावरचे छोटे दिवे. प्रोसेसर, रॅम, व्हीजीए, बूट असे चार दिवे असतात आणि जो पेटून राहतो तिथे बघायचं. एक्सएमपी लावल्यावर बंद पडलं असेल तर सीएमओएस क्लिअर, म्हणजे बायोसच्या सेटिंग परत मूळच्या.

विंडोज टाकण्याआधी बायोसमध्ये सीएसएम (जुन्या पद्धतीने बूट करणं) बंद, एफटीपीएम (प्रोसेसरमधला टीपीएम हा सुरक्षा भाग) चालू, अबाव्ह ४जी डिकोडिंग आणि रिसायझेबल बार चालू करा. काही ऑनलाइन शूटर विंडोज ११ वर टीपीएम आणि सिक्युअर बूट नसेल तर आत घेत नाहीत. सीएसएम चालू ठेवून विंडोज टाकलंत तर डिस्क एमबीआर (जुन्या मांडणीची) होऊ शकते आणि नंतर सगळं पालटायला दुप्पट वेळ जातो.

---

नवा_डबा:

पक्की यादी: ५६०० बॉक्स पॅक, बी५५० चार स्लॉटचा, ८×२ रॅम, आरएक्स ६६०० (वापरलेला, वरच्या पद्धतीने तपासून), ५५० वॅट, ५०० जीबी एनव्हीएमई. काचेचं कॅबिनेट राहू दे का? पंखे किती?

---

दोन_कांड्या:

पुढे काच असली की पंख्यांना हवा बाजूच्या फटीतून ओढावी लागते, सहा पंखे लावूनही आत कोंडतं. पुढून जाळी असलेलं साधं कॅबिनेट घ्या. पुढे दोन आत घेणारे, मागे एक बाहेर टाकणारा, पुरे. पंख्याच्या ज्या बाजूला आडव्या प्लास्टिक काड्या दिसतात त्या बाजूने हवा बाहेर पडते, त्यावरून दिशा ओळखा. घेण्याआधी कार्डाची लांबी आणि कॅबिनेटमधली जागा मिलिमीटरमध्ये जुळवा.

आणि मॉनिटर डिस्प्लेपोर्टने जोडा, काही मॉनिटरांचा एचडीएमआय पोर्ट १४४ पर्यंत जात नाही. जोडल्यावर विंडोजच्या ॲडव्हान्स्ड डिस्प्लेमध्ये जाऊन १४४ निवडा. नव्याने टाकलेल्या विंडोजमध्ये तो बऱ्याचदा ६० वरच असतो.